एकही प्रश्न कोरा नको!

"वहिनी, आता नाही जमायचं. दोन प्रकरणं तशीच राहिलीत!"

एम.बी.ए.च्या सीईटीला आठ दिवस उरले आणि आमच्या धाकट्या नणंदबाईंनी पुस्तक मिटलं. शहरात राहून क्लास लावणं परवडणारं नव्हतं. त्यात मामंजींनी बजावलेलं, "यंदा झालं तर झालं, नाहीतर स्थळं बघायची."

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. गणिताशी माझं वैरच! पण पेपर कसा सोडवावा एवढं कळतं. हिशेब मांडला: 200 प्रश्न, 150 मिनिटं. म्हणजे प्रश्नाला 45 सेकंद! आणि ही एकेका गणिताशी पाच-पाच मिनिटं झुंजायची.

नवी पुस्तकं कपाटात गेली. रोज समोर घड्याळ ठेवून एक सराव प्रश्नपत्रिका. संध्याकाळी फक्त चुका तपासायच्या. अडलं की पुढे जायचं. कॅटसारखे इथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्यांचीही उत्तरं निवडून टाकायची. रात्री दहाला दिवा बंद!

आदल्या दिवशीच सोयगावहून निघालो आणि अजिंठ्याचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला मुक्कामी पोचलो.

पेपर देऊन आली ती हसतच. "वहिनी, एकही प्रश्न कोरा नाही सोडला!"

निकाल अजून लागायचाय. पण परतताना एस.टी.त माझंच मला आठवत राहिलं. बी.ए.नंतर बी.एड. करायचं होतं. जमणार नाही या धास्तीनं तो प्रश्न मी कोराच सोडला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, तेव्हा बी.एड.च्या सीईटीची चौकशी करूनच घरी आले.