उभी बाटली, आडवी बाटली

आमच्याकडे एक चहाची ट्रॉली होती. दोन कप्पे, चार चाकं, वर तपकिरी सनमायका आणि एक चाक कायम डावीकडे ओढणारं. बाबा वाळूजच्या कंपनीत कायम झाले त्या वर्षी आईने ती हप्त्यावर घेतली होती. पाहुणे आले की कप-बश्या, चिवडा, बिस्किटं मांडून ती स्वयंपाकघरातून हॉलमध्ये ढकलत आणायची. ताईला बघायला मंडळी आली तेव्हा पोहेही याच ट्रॉलीवरून आले होते.

आता तिच्यावर जिन, व्हिस्की, रम आणि वर्मूथ आहे.

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा वैजापूर तालुक्यात शेतावर राहायला गेले आणि सिडकोतला हा फ्लॅट माझ्या ताब्यात आला. मी पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, काम घरून. क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे माझा दिवस दुपारी सुरू होतो आणि रात्री अकराच्या कॉलनंतर संपतो. त्या वेळी या शहरात एकट्या मुलीने जाऊन बसावं अशा जागा फार नाहीत. मग जागा घरातच करू, असं ठरवलं. इन्स्टाग्रामवर सोनेरी दांड्यांच्या बार कार्ट बघितल्या, किमती बघितल्या आणि माळ्यावरची ट्रॉली खाली काढली.

नंतर वाचताना कळलं की मी फार वेगळं काही केलं नव्हतं. बार कार्ट मुळात चहाचीच ट्रॉली. इंग्लंडमधल्या घरांत तिच्यावर किटली आणि केक असायचे. अमेरिकेत 1933मध्ये दारूबंदी उठली आणि पुढच्या काळात तिथल्या घरांत तीच ट्रॉली बाटल्या घेऊन फिरू लागली.

मी सनमायका घासून काळा रंग दिला, चाकात तेल घातलं. वरच्या कप्प्यावर हिमरूचा एक जुना तुकडा अंथरला. मांडणीचे नियम शिकले. उंच बाटल्या मागे, बुटक्या पुढे. ट्रॉली खिडकीपाशी नको, उन्हाने दारूचा रंग आणि चव दोन्ही उतरतात. वर्मूथ म्हणजे वाइनच, उघडली की फ्रीजमध्ये ठेवायची आणि दोन-एक महिन्यांत संपवायची. मापासाठी 30 आणि 60 मिलीचं जिगर घ्यायचं, अंदाजाने ओतायचं नाही. बाटल्या दहा नकोत, चार पुरतात. बाकी चव आपल्याकडेच मिळते. जालना-पैठणकडची मोसंबी, कोकम, आलं, गवती चहा. जिन, मोसंबीचा रस आणि टॉनिक हे माझं नेहमीचं.

आणि एक नियम. बुचाची वाइन आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं, वाळून आत हवा शिरत नाही. व्हिस्कीची बाटली मात्र उभीच, कारण तिच्यातलं कडक अल्कोहोल बूच खातं. म्हणून खालच्या कप्प्यात नाशिकची वाइन आडवी आणि वर बाकी सगळ्या उभ्या.

हे मी आईला फोनवर उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडं आडव्या बाटलीचा अर्थ वेगळा होता."

तो अर्थ मला माहीत होता. महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर मतदान घेता येतं. 2008च्या नियमांनुसार चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहू द्यायचं असेल तर उभीवर शिक्का, बंद करायचं असेल तर आडवीवर. आईचं माहेर बीड जिल्ह्यात. तिथे असं मतदान झालं तेव्हा मी शाळेत होते आणि मला ते चित्र फार गमतीदार वाटलं होतं.

गमतीदार नव्हतं, कारण माझा मामा प्यायचा. देशीची क्वार्टर, रोज. 2019मध्ये पोटात पाणी होऊन गेला, पन्नाशीही गाठली नव्हती. घरात यावर कोणी बोलत नाही. बाबांच्या कंपनीतल्या मित्रांची बाटलीसुद्धा आमच्याकडे कधी टेबलावर आली नाही. गच्चीवर गेली, वर्तमानपत्रात गुंडाळून. आमच्यासारख्या घरांत दारू एकतर लपलेली असते नाहीतर रस्त्यात पडलेली असते. हॉलमध्ये, दिव्याखाली, नीट मांडलेली ती मीच पहिल्यांदा आणली आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. लपवाछपवी नाही. परवानासुद्धा काढला. गंमत म्हणजे 1949च्या कायद्यानुसार आपल्याला दारूचा परवाना मिळतो तो आरोग्य राखण्यासाठी.

मग मागच्या हिवाळ्यात आईचा फोन आला. मामीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, शहरात ऑपरेशन ठरलं होतं, आठवडाभर ती माझ्याकडे राहणार होती. सगळं सांगून झाल्यावर आई म्हणाली, "आणि ती गाडी झाकून ठेव."

मी वाद घातला नाही. जुनी चादर घेतली आणि ट्रॉलीवर टाकली. हॉलच्या कोपऱ्यात कोणीतरी पांघरूण घेऊन बसल्यासारखं दिसत होतं.

मामी संध्याकाळच्या एसटीने आली. जेवली, झोपली. माझे कॉल चालू होते. सकाळी नऊला मी उठले तेव्हा घरातल्या सगळ्या पांघरुणांच्या घड्या घालून झाल्या होत्या. त्यात ती चादरही होती. ट्रॉली पुसलेली होती, बाटल्यासुद्धा.

"धूळ बसली होती," मामी म्हणाली.

मी चहा ठेवायला वळले. काय बोलावं सुचत नव्हतं. ती ट्रॉलीकडे बघत होती, डोळे बारीक करून, कारण तिला धूसरच दिसत होतं.

"सगळ्या भरलेल्याच कशा काय गं?"

"संपल्या की नव्या आणते."

"मग रिकाम्या कुठायत?"

ती टोमणा मारत नव्हती. एखाद्या घरात पाण्याची टाकी कुठे आहे असं विचारावं तसं विचारत होती. मी म्हटलं, मागच्या बाल्कनीत, पोत्यात. तिने मान हलवली.

"तुझ्या मामाला मी कधी विचारलं नाही, किती पितोस म्हणून. खोटं बोलायचा. मी पोतं मोजायचे."

ऑपरेशननंतर दर काही तासांनी तिच्या डोळ्यात थेंब घालायचे होते. थेंब घातले की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं. त्या पाच-पाच मिनिटांत तिने मला मतदानाची गोष्ट सांगितली, तुकड्या-तुकड्यांत.

मतदान हिवाळ्यात लागलं होतं. तेव्हा मामा-मामी उसतोडीला गेलेले, पश्चिम महाराष्ट्रात एका कारखान्याच्या फडावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस काम बुडालं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. मामी आणि आणखी चार जणी खाडा सोसून, रात्रीच्या टेंपोने गावाला आल्या, आडव्या बाटलीवर शिक्का मारला आणि दुसऱ्या रात्री परत गेल्या.

"मग जिंकलात?"

"मतं आडवीलाच जास्ती पडली. तरी दुकान राहिलं."

कारण नियम असा की मतदानाला आलेल्या बायकांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. जी आली नाही तिचं मत आपोआप दुकानाच्या बाजूला जातं. आणि बीड जिल्ह्यातल्या गावात हिवाळ्यात किती बायका घरी असतात?

"तुझ्या मामाला माहीत होतं मी कशाला चाललेय ते," मामी म्हणाली. "टेंपोत त्यानंच बसवून दिलं. म्हणला, जा, मार शिक्का. दुकानच नसलं तर मी तरी काय करणार."

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यातला मामा म्हणजे रस्त्यात पडलेला माणूस. आपलंच दुकान बंद व्हावं म्हणून बायकोला टेंपोत बसवणारा मामा मला माहीत नव्हता.

त्या रात्री कॉल संपल्यावर मी बाल्कनीत गेले आणि पोतं मोजलं. भंगारवाला तीन महिने आला नव्हता. 750 मिलीच्या नऊ बाटल्या निघाल्या. आम्ही इंजिनिअर लोक आकड्यांशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही, म्हणून हिशेबही केला. एका बाटलीत 60 मिलीचे साडेबारा पेग. नऊ बाटल्यांचे एकशे बारा. मित्र-मैत्रिणी चारदा आले होते, त्यांचे चाळीस वजा केले. उरले बहात्तर. नव्वद दिवसांत. आणि आपल्याकडच्या बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 60 मिलीत साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल. ऑस्ट्रेलियात 10 ग्रॅमला एक ड्रिंक म्हणतात. माझं 'कॉलनंतरचं एक' तिकडच्या मापाने दोन होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2023मध्ये स्पष्ट केलंय की अमुक इतकी दारू सुरक्षित, असं कुठलंही प्रमाण नाही.

मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, शनिवार-रविवारी थोडी. खोटं बोलायचं म्हणून नाही. मला खरंच तसंच वाटत होतं. कारण ट्रॉलीवरची बाटली कधी संपतच नव्हती. पाव भाग उरला की बरी दिसत नाही, म्हणून मी नवी आणून ठेवायचे. त्या सगळ्या मांडणीचा नियमच असा आहे की भरलेलं पुढे आणि रिकामं बाल्कनीत. मामाच्या दारूत आणि माझ्या दारूत मी चवीचा, संस्कारांचा, मोकळेपणाचा फरक धरून बसले होते. हिशेबात त्यातला एकही दिसला नाही. दिसला तो पैशाचा. मला खाडा पडत नव्हता. माझ्यासाठी रात्रीच्या टेंपोने कोणाला प्रवास करावा लागत नव्हता.

मी दारू सोडलेली नाही. सोडली असं लिहिलं असतं तर लेख जास्त शोभला असता. आठवड्याला दोन दिवस ठरवलेत, कॉलनंतर नाही, आणि एकटी असताना 30चंच माप. कधी पाळलं जातं, कधी नाही. ते मला कळतं, कारण ट्रॉलीत एक बदल केलाय. वाइन फ्रीजमध्ये हलवली आणि खालच्या कप्प्यात आता रिकाम्या बाटल्या ठेवते. महिन्याच्या एक तारखेला काढते, मधे नाही. दिसायला वाईट दिसतं. मैत्रिणी विचारतात, हे काय भंगार? मी सांगते.

मामी गेली त्या रात्री आईचा फोन आला.

"गाडी झाकली होतीस ना?"

"झाकली होती. मामीने चादरीची घडी घातली."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

"मग? काय म्हणाली?"

"रिकाम्या कुठायत, विचारलं."

"आणि?"

"मोजल्या," मी म्हटलं.

"किती?"

मी आकडा सांगितला. खरा.