दोन सायकली मावतील एवढी जागा

रस्त्यात एखादा अनोळखी माणूस गाडीची काच खाली करून ‘वा, या वयातसुद्धा सायकल!’ म्हणतो, तेव्हा आमचे हे हसून हात हलवतात आणि मी मनातल्या मनात चरफडते. पुण्यात सायकल चालवल्याबद्दल शाबासकी मिळावी, असे दिवस येतील हे तेव्हा कुणाला खरं वाटलं नसतं. १९७७ साली लग्न होऊन मी सदाशिव पेठेत आले, तेव्हा इथे सायकल चालवणं चपला घालण्याइतकं साधं होतं. चपला घातल्याबद्दल कुणी कुणाचं कौतुक करत नाही.

ह्यांची सायकल हर्क्युलस, ऑफिसातून सायकल अ‍ॅडव्हान्स काढून घेतलेली. माझी लेडीज सायकल माहेरून आलेली, पदर तारांत जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला जाळी लावलेली. सकाळी दहाच्या सुमारास अलका टॉकीजच्या चौकात उभं राहिलं की कारकून, प्राध्यापक, कॉलेजची मुलं, दूधवाले सगळे सायकलवर दिसत. खडकीला दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली. बहुतेक सगळ्या काळ्या. सिनेमा सुटल्यावर स्टँडवर आपली कुठली ते ओळखता यावं म्हणून मी हँडलला जुन्या साडीची चिंधी बांधून ठेवली होती.

आमच्या वाड्यात खोल्या दोन आणि माणसं सात. सासूबाई, मामंजी, दीर, नणंदा. नव्या नवरा-बायकोला चार शब्द बोलायला कोपरा नव्हता. तो कोपरा आम्हाला रस्त्यावर मिळाला. टिळक रोडवरून, मग लकडी पूल ओलांडून कर्वे रोडनं शेजारी शेजारी सायकली घालायच्या आणि बोलत सुटायचं. नोकरी सोडायची की नाही, पोस्टात किती टाकायचे, दुसरं मूल आत्ताच हवं का, हे सगळे निर्णय आम्ही पायडल मारता मारता घेतले. भांडणंही तिथेच. फार चिडले की हे जोरात पुढे निघून जायचे आणि पुलापाशी उतरून साखळी तपासत बसायचे. साखळीला काही झालेलं नसायचं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असायचं. मी जवळ पोचले की ‘चल गं’ म्हणत उठायचे. रविवारी कधी चतुःशृंगी, कधी खडकवासला. कोथरूडला मृत्युंजयेश्वराच्या पुढे शेतं लागायची.

दिवाळीच्या आधी अंगणात सायकलींचं ओव्हरऑइलिंग निघायचं. जुनं धोतर अंथरून, टमरेलात रॉकेल घेऊन हे बसायचे. चाक काढलं की छर्रे बशीत पडायचे आणि ते मोजायचं काम माझ्याकडे. एकदा एक छर्रा घरंगळत मोरीत गेला, तर सासूबाईंसकट सगळा वाडा मोरीशी ओणवा! शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून नवा आणला, तो त्यानं फुकट दिला आणि वर ‘वहिनी, बशी खोलगट घ्या’ असा सल्लाही दिला.

पण जुनं ते सगळं सोनं होतं, असं मी म्हणणार नाही. पावसात रिम ओल्या झाल्या की ब्रेक लागायचे नाहीत. वेग कमी झाला की डायनॅमोचा दिवा मंद व्हायचा, थांबलं की विझायचा. दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की कोपऱ्यावरचा पोलीस शिट्टी मारायचा. आणि मुख्य म्हणजे बहुतेक लोक प्रेमापोटी सायकल चालवत नव्हते, परवडत होती म्हणून चालवत होते. १९७२ साली लूना मोपेड आली, त्याच साली बजाजची चेतक स्कूटर आली. दोन्हींच्या मागची घराणी पुण्याशी नातं असलेली; सायकलींच्या शहराला सायकलवरून उतरवलं ते आपल्याच माणसांनी. चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. ज्याचा नंबर लागला तो पेढे वाटायचा आणि सायकल जिन्याखाली जायची. आमच्याकडेही स्कूटर आली. ती दिरांनी चालवली. आम्ही दोघं आपले सायकलवरच राहिलो, कारण स्कूटरवर मागे बसून ह्यांच्या पाठीशी बोलण्यात मला काही गंमत वाटली नाही.

आता आम्ही कर्वेनगरात राहतो. सायकली हलक्या, गिअरच्या. डोक्याला हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा. रविवारी पहाटे रंगीत जर्सी घातलेली तरुण मंडळी सिंहगडाच्या पायथ्याकडे निघतात, त्यात मुलीही पुष्कळ. बघून बरं वाटतं. काहींच्या सायकलींच्या किमती लाखांत. आमच्या सोसायटीचा वॉचमन मात्र अजून काळ्या सायकलवरच येतो, रात्रपाळी करून तिच्यावरूनच परत जातो. त्याला काच खाली करून कुणी ‘वा’ म्हणत नाही. त्याच्या वाट्याला नुसता हॉर्न.

सोयी झाल्या नाहीत असं नाही. शहरांच्या सुधारणेसाठीच्या केंद्र सरकारच्या ‘नेहरू योजने’च्या पैशांतून सायकल ट्रॅक झाले, आज त्यांच्यावर गाड्या उभ्या, मध्येच झाड, मध्येच विजेचा डीपी, आणि चौक आला की ट्रॅक गायब. २०१७ साली मोबाइलवरून भाड्यानं मिळणाऱ्या रंगीत सायकली आल्या, त्याच वर्षी महापालिकेनं सायकल आराखडाही मंजूर केला. त्या सायकली बघता बघता दिसेनाशा झाल्या, आराखडा बराचसा कागदावर राहिला. २०१८ साली तर बातमी आली की शहरातल्या वाहनांचा आकडा माणसांच्या आकड्यापेक्षा मोठा झालाय. कर्वे रोडवर खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. मेट्रो मला आवडते. पण खालच्या रस्त्यावर आम्ही आता एकामागून एक चालवतो: हे पुढे, मी मागे. शेजारी गेलं की मागून हॉर्न सुरू. बोलायचं असेल तर सिग्नल लाल व्हायची वाट बघायची. हे काहीतरी ओरडतात, मी ‘काय?’ ओरडते, तेवढ्यात हिरवा पडतो.

जे गेलं ते हे. सायकली गेल्या नाहीत, उलट चांगल्या झाल्या. गेली ती रस्त्यातली शेजारी शेजारी चालायची मुभा. ती होती तोवर सायकल हा व्यायाम नव्हता आणि पर्यावरणाची सेवाही नव्हती; ते नुसतं एकत्र जाणं होतं.

‘पुणे पुन्हा सायकलींचं शहर’ अशी भाषणं अधूनमधून होतात. माझी कसोटी साधी आहे. हुजूरपागा शाळा सुटल्यावर दोन मुली लक्ष्मी रोडनं जोडीनं, गप्पा मारत, कुणी मागून हॉर्न न वाजवता सायकलवर घरी जाऊ शकल्या, तर शहर सायकलींचं झालं म्हणेन. तोवर त्या शाबासक्या राहू द्यात आणि आम्हाला दोन सायकली मावतील एवढी जागा द्या.