पाटावरचा संगणक

बँकेत छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात घालवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर स्वतःचे पैसे उधळू लागावे, हे आमच्या घरातल्या मंडळींना मुळीच पसंत नव्हते. त्यातून ते पैसे मी संगणकावर उधळणार म्हटल्यावर तर सौ.ने सरळ असहकारच पुकारला. "अहो, फोन आहे, टीव्ही आहे, आता आणखी कोणता काचेचा तुकडा हवाय तुम्हांला?" प्रश्न बिनतोड होता. परंतु माझ्यापाशी त्याचे उत्तर होते, आणि ते दिवाणखान्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले होते.

ते होते एक छायाचित्र. १९६१ साली काढलेले, जुन्या गिरणीच्या साचेखात्यातल्या मंडळींचे. जुनी गिरणी म्हणजे सोलापुरातली पहिली कापडगिरणी. १८७७ साली सुरू झालेली आणि १९६३ साली बंद पडलेली. तिच्या भोंग्यावर अर्धे सोलापूर उठत असे आणि जेवत असे. पुढच्या रांगेत, खुर्चीवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले ते आमचे दादा. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्यांचे दुसरे छायाचित्र घरात नाही.

एका पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली आणि चौकटीत पिवळट-तपकिरी डाग उतरला. तो दादांच्या गालापासून निघून थेट डाव्या हातापर्यंत पोहोचला. आई तेव्हा ८६ वर्षांची होती. मोतीबिंदूच्या दोन्ही शस्त्रक्रिया नुकत्याच झाल्या होत्या. संध्याकाळी दिवा लावून ती चौकटीपुढे उभी राही आणि म्हणे, "आता मला दिसायला लागलं, तर हेच दिसेनासे झाले."

हे छायाचित्र मी आधी एका स्टुडिओत दिले होते. त्यांनी दादांना इतके गोरे आणि गुळगुळीत करून परत पाठवले, की गिरणीतला माणूस सिनेमात काम मागायला निघाल्यासारखा दिसू लागला. आईने ते पाहिले आणि काही न बोलता उलटे करून ठेवले. तेव्हाच मी ठरवले, की हे काम आपण स्वतः शिकायचे. मर्यादा ठरली चाळीस हजारांची. ही गोष्ट २०२३ च्या उन्हाळ्यातली.

पहिल्याच दुकानात मला सत्तर हजारांचा एक खोका दाखवण्यात आला. त्याच्या पोटात गणपतीच्या मांडवासारखे लाल-निळे दिवे फिरत होते. मी घाबरून पुण्याला भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, तो खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी आहे. तुम्हांला भारी ग्राफिक्स कार्ड नको. आपण सुटे भाग घेऊन जोडू."

पुढे त्याने मला जे समजावले, ते मी घरी सौ.ला स्वयंपाकघराच्या भाषेत समजावले. एसएसडी म्हणजे कोठीघर, रॅम म्हणजे ओटा आणि प्रोसेसर म्हणजे सुगरण. सुगरण कितीही चपळ असली तरी ओटा वीतभर असेल तर ती काय करणार? आमचे छायाचित्र दहा बाय आठ इंचांचे. स्कॅनरवर इंचाला ६०० बिंदू धरले, तर त्याचे होतात २ कोटी ८८ लाख बिंदू. आणि रंगांची बारकाई पुरेपूर राखायची तर एकच प्रत सुमारे १७३ मेगाबाइटची होते. दुरुस्ती करताना अशा प्रतींचे थर एकावर एक चढतात. म्हणून ओटा हवा १६ जीबीचा. तोही १६ ची एक पट्टी घेऊन नव्हे, तर आठ-आठच्या दोन घेऊन, म्हणजे माहिती दोन वाटांनी येते. सौ. म्हणाली, "म्हणजे पाणी आलं की आपण दोन्ही नळ सोडतो, तसंच ना?" तेव्हाच्या चार-चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या सोलापुरात हा मुद्दा कोणाला दोनदा सांगावा लागत नसे. असहकार तिथेच निम्मा ओसरला.

प्रोसेसर घेतला एएमडीचा रायझन ५ ५६००जी. याला सहा गाभे असतात आणि चित्र दाखवण्याची सोय त्याच्या पोटातच असते. त्यामुळे वेगळ्या कार्डाचा खर्च वाचला. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला, तेव्हा आम्ही बँकेत अभिमानाने पेढे वाटले होते. सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी करण्याची त्याची ताकद. त्याहून अधिक ताकदीची चकती भाच्याने तापकीर गल्लीतून आणली, ती हुतात्मा एक्सप्रेसमध्ये शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात ठेवून!

पडद्याच्या बाबतीत मात्र भाच्याने काटकसर करू दिली नाही. स्वस्त पडद्यावर मान वाकडी केली की रंगही वाकडे होतात. म्हणून आयपीएस जातीचा पडदा हवा. तेवढ्यात आई आतून म्हणाली, "चादरीचा रंग पाहायला तुझे दादा ती उन्हात नेत, दुकानातल्या ट्यूबखाली कधी पसंत करत नसत." पडद्याला नऊ हजार आठशे गेले, मी गप्प बसलो.

जोडणीच्या दिवशी बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन होते. आईने कौतुकाने नवी सोलापुरी चादर जमिनीवर अंथरली, तर भाचा ओरडला, "आजी, कापडावर नको! अंगातली स्थिर वीज या भागांना मारते." मग मदरबोर्डला बसायला लाकडी पाट दिला. नवरदेवासारखा तो पाटावर बसला. प्रत्येकाने आधी खोक्याच्या पत्र्याला हात लावायचा आणि मगच भागाला, असा दंडक होता. सौ.ने दाराआडून हळदकुंकवाची बोटे ओढली, ती सुदैवाने खोक्याच्या बाहेरच्या अंगाला.

बटण दाबले. पंखे फिरले, पडदा मात्र काळाठिक्कर. माझ्या पोटात गोळा आला. हिशेबात तोवर एकोणचाळीस हजार लागले होते. भाच्याने विजेरी घेऊन आत डोके घातले आणि हसू लागला. प्रोसेसरला वीज देणारी आठ टाचण्यांची वेगळी वायर जोडायची राहिली होती! सगळ्यांना वाढले आणि सुगरणीलाच उपाशी ठेवले, असा प्रकार. वायर लावली आणि पडदा उजळला.

'गिम्प' हे चित्रदुरुस्तीचे साधन १९९६ पासून फुकट मिळते. त्यावर मी महिनाभर धडे गिरवले. गालावरचा डाग ठिपक्या-ठिपक्याने काढला. हाताची जागा मात्र पार गडद होती. तिथे काहीच दिसेना. मग मी एक युक्ती केली. शेजारी बसलेल्या इसमाचा डावा हात उचलला आणि दादांच्या गुडघ्यावर बेमालूम बसवला. स्वतःवरच खूश होऊन आईला हाक मारली.

ती खुर्चीवर बसली. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "तोंडवळा ह्यांचा आहे. हात ह्यांचा नव्हे."

"आई, तुला कसं कळलं?"

"ह्यांची डावी करंगळी अर्धीच होती. तू तीन महिन्यांचा होतास तेव्हा साच्यात गेली. तुला भीती वाटेल म्हणून तुझ्यासमोर मूठ मिटून ठेवत."

चौसष्ट वर्षांचा होईपर्यंत मला हे ठाऊक नव्हते. मला आठवते ती दादांची मिटलेली मूठ. आणि मी इतकी वर्षे समजत होतो, की त्यांचा स्वभाव रागीट होता!

त्या रात्री मी उसना हात काढून टाकला आणि डाग जसाच्या तसा परत आणला. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "स्कॅन रंगीत केलाय ना? मग लाल, हिरवा आणि निळा हे भाग वेगवेगळे करून पाहा. पिवळा-तपकिरी डाग निळ्यात सर्वांत गडद दिसतो आणि लालमध्ये सर्वांत फिका." मी लाल भाग तेवढा ठेवला. डाग धुक्यासारखा विरळ झाला आणि त्याखालून हात वर आला. चार बोटे लांब पसरलेली, आणि पाचवे निम्म्यावर थांबलेले. छायाचित्रकारापुढे दादांनी मूठ मिटली नव्हती. हात डागाखाली साठ वर्षांपूर्वी होता तसाच होता; घाई माझीच झाली होती.

सकाळी आईने ते पाहिले. पडद्याला हात लावायचा नाही, हा भाच्याचा कडक नियम. तिने त्या अर्ध्या करंगळीवर आपले बोट टेकवले. कोणी काही बोलले नाही.

एकूण खर्च बेचाळीस हजार नऊशे. वीज गेली तर काम बुडू नये म्हणून यूपीएस घ्यावा लागला, त्याने आणि कळफलकाने घोटाळा केला. मर्यादेवर दोन हजार नऊशे जास्त गेले. सौ.ने हिशेबाची वही पाहिली, ते जास्तीचे पैसे बोटाने मोजले, आणि दिवाळीच्या साफसफाईत पडदा पुसायला फडके घेऊन गेली. परत आली तेव्हा फडके कोरडेच होते.

"एका कोपऱ्यात आईंच्या बोटाचा ठसा आहे," ती म्हणाली. "तेवढा राहू द्या."