किल्ली कोणाकडे?

परवा टेबलाचा खण आवरताना एक पांढरंफटक कार्ड सापडलं. नाव नाही, फोटो नाही, नुसती सोनेरी चिप. बायको म्हणाली, "टाकून दे की." नाही टाकलं. या कार्डापायी मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय. म्हटलं, आज तेच लिहून टाकू.

तर २०१२ सालची गोष्ट. चाकणच्या एका कारखान्यासाठी आम्ही ओळखपत्रांचं सॉफ्टवेअर करत होतो. गेटवरची हजेरी, कॅंटीन आणि रसायनांच्या गोदामाचं दार, सगळं एकाच कार्डावर. स्वस्तातलं मायफेअर क्लासिक नको, एवढं मला कळत होतं. त्याचा गुप्त ठेवलेला अल्गोरिदम आणि ४८ बिटांची किल्ली, दोन्ही २००८ पर्यंत संशोधकांनी उघडी पाडली होती. नेदरलॅंड्समधल्या नायमेखनच्या विद्यापीठाचा पेपर छापू नये म्हणून चिप बनवणारी कंपनी कोर्टात गेली, आणि हरली. म्हणून मी जावा कार्डच हवं असा हट्ट धरला.

तीन विक्रेते आले. मी एक्सेल शीट केली: भाव, मेमरी, सुरक्षेचं प्रमाणपत्र, एसडीके, सपोर्ट. एकाचा भाव सगळ्यात कमी. डेमोमध्ये प्रत्येक कमांडला कार्डाचं उत्तर ९०००, म्हणजे 'सगळं ठीक'. मी बिनधास्त त्याची शिफारस केली.

एक प्रश्न मात्र शीटमध्ये नव्हता. मास्टर किल्ली कोणाकडे राहणार? प्रत्येक कार्डाची किल्ली या मास्टर किल्लीपासून बनते. गेटवरच्या रीडरमध्येही ती एका छोट्या चिपमध्ये बसवलेली असते, आणि तिथून ती बाहेर काढता येत नाही (तीच तर सुरक्षा!). विक्रेता म्हणाला, "सर, किल्लीचं आम्ही बघतो ना." मला बरंच वाटलं. एक काम कमी!

दोन वर्षांनी त्याने हा धंदाच गुंडाळला. कोरी कार्डं बाजारात हवी तेवढी होती, पण आमचा रीडर ओळखेल असं एकही कार्ड आम्हाला बनवता येईना. शिल्लक कार्डं संपल्यावर नवे कंत्राटी कामगार रजिस्टरमध्ये सह्या करून आत जायला लागले. महिनाअखेर सिस्टीममध्ये त्यांची हजेरीच नाही. मुकादमाने पैसे कापले. एक पोरगा गेटवर मला म्हणाला, "साहेब, कार्ड तुमचं बंद पडलं, पगार माझा का कापला?"

काय उत्तर देणार? रजिस्टरवरून पैसे परत मिळवून दिले, पण त्याला तीन आठवडे गेले. शेवटी सगळी कार्डं आणि रीडरमधल्या चिपा बदलल्या. चार रविवार तिथेच.

बरं, प्रमाणपत्र असलं म्हणजे झालं असंही नाही. २०१७ मध्ये इन्फिनियॉनच्या प्रमाणित चिपांमधल्या आरएसए किल्ल्या बनवण्याच्या कोडमध्येच खोट निघाली. एस्टोनियाची सुमारे साडेसात लाख ओळखपत्रं त्यात अडकली. पण त्या कार्डांना दुसरा अल्गोरिदमही येत होता आणि घरबसल्या अपडेटची सोय होती, म्हणून ते सावरले. आपल्याकडे लायसन्सच्या कार्डांसाठी एनआयसी आणि आयआयटी कानपूरने स्कोस्टा हे खुलं मानक केलं, तेही यासाठीच, की सरकार एकाच विक्रेत्याच्या दावणीला बांधलं जाऊ नये.

आता माझ्या शीटमध्ये भाव सगळ्यात शेवटी येतो. आधी चार प्रश्न. मास्टर किल्ली कोणासमोर बनणार आणि कोणाच्या तिजोरीत राहणार? दुसऱ्या विक्रेत्याचं कार्ड याच रीडरवर चालतं का? (नुसतं 'हो' नको, चालवून दाखवा.) वाटलेल्या कार्डातली किल्ली आणि अल्गोरिदम नंतर बदलता येतो का? आणि उद्या तुम्ही दुकान बंद केलंत तर आमच्या हातात काय येणार? ते करारात लिहून द्या.

चौथ्या प्रश्नाला विक्रेते जरा नाराज होतात. होऊ देत. "आम्ही बघतो ना" म्हणणारा भेटला, की मी खणातलं ते पांढरं कार्ड टेबलावर ठेवतो आणि प्रश्न पुन्हा विचारतो.