पाटील, पण कोण?

खानदेशातल्या पाचोरा स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला ‘पाटलांकडे सोडा’ म्हटलं, की तो मागे न बघताच विचारतो, ‘कोणते पाटील?’ मराठ्यांत पाटील, लेव्यांत पाटील, गुजरांत पाटील, राजपुतांतही पाटील. हजेरीपटावर ‘प’ आला की मास्तरांचा आवाज एका सुरात लागायचा आणि बराच वेळ उतरायचा नाही.

या एका आडनावाआड काय काय गेलं, त्याची ही यादी.

मूळ आडनाव

पाटील हा हुद्दा. एका घराकडे पाटीलकी, पण आडनाव सगळ्या भाऊबंदांनी लावलं. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचं पद संपलं. पोलीस पाटील राहिला, पण तो नेमलेला; १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यातला. त्याचं आडनाव काहीही असू शकतं. पद गेलं, आडनाव मात्र सातबाऱ्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर पसरत राहिलं.

त्याच्या मागे बोरसे, देवरे, निकम, सोनवणे, सूर्यवंशी, साळुंखे उभे आहेत. लेव्यांत नेमाडे, खडसे, भंगाळे, झोपे, फिरके, वायकोळे अजून उघड्यावर वावरतात. मराठ्यांत पुष्कळ जण पाटलाच्या पाठीमागे. ते बाहेर येतात एकदाच, लग्न जुळवताना. ‘पाटील म्हणजे मूळ कोण?’ मग बायोडाटात कंस पडतो आणि बैठकीतला एखादा म्हातारा तो भरतो. पुढच्या सोयरिकीला म्हातारा नसतो.

कोरियात पाच माणसांत एक किम. तिथेही सोयरीक करताना ‘कुठले किम?’ विचारतात. आडनाव एक आणि कुळाचं मूळगावही एक असेल तर लग्नाला कायद्यानेच मनाई होती. १९९७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती घटनाविरोधी ठरवली. आमच्याकडे मनाई भाऊबंदांची. तिला न्यायालय नाही, म्हणून तर मूळ आडनाव अजून तग धरून आहे.

बिन, कोम, भ्रतार

जुन्या कागदांत ‘सुपडू बिन धनजी’ असायचा. धनजीचा मुलगा सुपडू, एवढंच. बायको असली तर ‘कोम’, पुढे सातबाऱ्यावर ‘भ्र.’. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. कोतवाल बुकं उघडली. त्यांत नाव निघालं, बापाचं नाव निघालं, जात निघाली. आडनावाला पुष्कळ ठिकाणी रकानाच नव्हता. जे आपण पिढीजात समजतो, ते पुष्कळ घरांत आजोबाच्या शाळाप्रवेशाइतकंच जुनं.

मास्तरांनी लावलेली आडनावं

नाव घालायला आलेल्या पोराला आडनाव सांगता आलं नाही, की जात हेच आडनाव व्हायचं. भिल, कोळी, तडवी, सुतार, शिंपी, वाणी. लाडशाखीय वाण्यांत कोठावदे, येवले, अमृतकर, पाखले अशी किती तरी आडनावं. पण रजिस्टरात ‘वाणी’ पडलं की ते नोकरीपर्यंत सोबत येतं. आता कोणी राजपत्रात जाहिरात देऊन मूळ आडनाव परत आणतं. मग बँक, आधार, पॅन, मुलांचे दाखले. निम्मे जण अर्ध्या वाटेवरून परततात.

गावाचं आडनाव

भडगावकर भडगावात कशाला असेल? गाव सुटल्यावर गाव नावाला चिकटतं. शेंदुर्णीकर, एरंडोलकर, नेरकर, यावलकर ही सगळी निघून गेलेल्यांची खूण. आता गाव सोडून पुण्याला जाणारा मुलगा पाचोरकर होत नाही. पाटील म्हणून जातो आणि तिथल्या पाटलांत मिसळतो.

माहेरचं आडनाव

बहिणाबाईंचा जन्म असोद्याच्या महाजनांचा. त्या अजरामर झाल्या चौधरी म्हणून. नाडगावच्या प्रतिभाताईंनी शेखावतांच्या घरात जाऊनही माहेरचं आडनाव सोडलं नाही आणि त्याच नावाने राष्ट्रपती झाल्या. राखलं ते मात्र पाटीलच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचं नाव आलं. नाव आलं, तिचं माहेरचं आडनाव नाही.

मुलीकडून आडनाव पुढे जात नाही. आडनावं मरतात कशी, याचं गणित गॅल्टन आणि वॉटसन या दोघा इंग्रजांनी १८७४ मध्ये मांडलं. मुलगे झाले नाहीत की आडनाव तिथे थांबतं. पिढ्या लोटल्या की थोडीच उरतात आणि तीच फुगतात. खानदेशात त्यांच्या गणिताला एक वजाबाकी जोडावी लागेल. इथे वंश भरलेला असतानाही आडनाव बुडतं.

आद्याक्षरं आणि नाती

आडनावाने माणूस सापडेना म्हणून लोकांनी वेगळी वाट काढली. आर. ओ. तात्या, ए. टी. नाना, एम. के. अण्णा हे इथले पुढारी. तिघेही पाटील, पण ते सांगायची गरज पडली नाही. पाचोरा-जामनेर गाडीसुद्धा ‘पीजे’च होती, ५६ किलोमीटरची ती नॅरोगेज २०२० च्या टाळेबंदीत थांबली. ‘तू कोना शे रे?’ या प्रश्नाला आडनाव सांगून भागत नाही. बापाचं नाव, गल्ली, वेळ पडली तर विहीरही सांगावी लागते. आता विचारणारेही कमी. मोबाइलमध्ये पाटील मेडिकल, पाटील बियाणे, पाटील ठिबक. हीच नवी मूळ आडनावं.

भांड्यावरचं नाव

आईच्या लग्नातलं पितळी घंगाळ. काठाखाली बारीक छिन्नीने एकेक ठिपका ठोकून घातलेलं आजोबांचं नाव, आडनाव बोरसे, मु. पो. सकट. मामांकडे आता सगळे पाटील लिहितात. बोरसे एवढ्या एकाच जागी उरले होते. अहेरात भांडी येईनाशी झाली. पाकीट येतं, त्यावर पेनाने ‘पाटील परिवार’.

घंगाळाला खाली चीर गेली होती. भांडेवाल्याने काट्यावर ठेवलं, मोडीचा भाव सांगितला. देण्याआधी मी फोटो काढला. घरी येऊन पाहिला तर पितळेवर उजेड चमकलेला. ‘बो’ तेवढा वाचता येतो.