दाबण्याआधीचं काम

खांदा धरायला लागल्यापासून तीनशे चौरस मिलिमीटरच्या केबलच्या टोकावर थिंबलाची नळी दाबायला हातपंपाचा प्रेस मी मारत नाही. बॅटरीचं मशीन आलं आहे, ते माझा शागीर्द चालवतो. दाब दर वेळी सारखा, माझ्या हातापेक्षा नेमका. हे मी मान्य करतो. पण त्याचं सगळं लक्ष आता दाबण्याकडे असतं, आणि ॲल्युमिनियमचा जॉइंट दाबण्याआधीच जमतो किंवा फसतो.

ब्रश मारला की तार चकाकते. त्या चकाकीवर लगेच ऑक्साइड धरतो. डोळ्यांना दिसत नाही, पण वीज अडते, जॉइंट तापतो. तापला की ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं, निवताना सैल पडतं, आणि पुढच्या वेळी आणखी तापतं. म्हणून पेस्ट आधी लावायची आणि पेस्टमधूनच ब्रश मारायचा, हवा लागूच द्यायची नाही. बर्न्डी कंपनीच्या पेनेट्रॉक्स या पेस्टमध्ये जस्ताचे कण असतात. दाबाखाली ते ऑक्साइड फोडून धातूपर्यंत जातात. हे ज्यानं योजलं त्याला आमचं दुखणं कळलं होतं.

ही बर्न्डी १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये बर्न डिबनर यांनी काढली. त्यांचा जन्म १८९७चा, युक्रेनमधला. लहानपणीच अमेरिकेत आले. क्यूबातल्या वीजयंत्रणा एकमेकींना जोडण्याच्या कामावर असताना त्यांनी सोल्डरशिवाय तारा जोडणारा कनेक्टर तयार केला. पुढे पैसा आला, तो त्यांनी विज्ञानाच्या जुन्या ग्रंथांत घातला. त्यातले सुमारे दहा हजार ग्रंथ आणि हस्तलिखितं त्यांनी स्मिथसोनियनला देऊन टाकली. गॅल्व्हानी आणि व्होल्टा यांच्या वादावर १९५२ साली स्वतः पुस्तकही लिहिलं. मला यात नवल वाटत नाही. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारी ओल, एवढ्यावर व्होल्टाची बॅटरी चालली. तांब्याच्या बसबारवर ॲल्युमिनियमचं थिंबल थेट आवळलं आणि पावसाळ्याची ओल शिरली, की तीच बॅटरी पॅनेलमध्ये उभी राहते आणि ॲल्युमिनियम खाऊन टाकते. दोन्ही धातू जोडून केलेला बायमेटॅलिक लग लावा म्हणून मी हट्ट धरतो तो याचसाठी.

कनेक्टरच बनवणारी दुसरी कंपनी, १९४१ साली व्हिटेकर यांनी सुरू केलेली एएमपी, नंतर कितीतरी मोठी झाली. पूर्ण दाब बसेपर्यंत उघडतच नाही अशी त्यांची पकड कारखान्यासाठी उत्तमच आहे. तरी माझं मन बर्न्डीकडे जातं. आता बाजारात पातळ नळीची थिंबलं किलोवर विकली जातात आणि पेस्टची डबी अंदाजपत्रकातून सगळ्यात आधी कापली जाते. त्याचा मला संताप येतो.

आणि गर्वही आहे, तो लपवत नाही. माझ्या पॅनेलमध्ये सगळ्या दाबाच्या खुणा एका रेषेत, दाराकडे तोंड करून असतात. विजेला त्याचं काही नाही. दार उघडणाऱ्यानं विचारावं, हे कुणी केलं? मशीन शागीर्दाला दिलं, पण पेस्ट आणि ब्रश अजून माझ्याच हातात आहेत. तो मागतो. मी देत नाही.