चार मीटरांची मोटार

घर पाहावे बांधून व लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. त्यांच्या काळी मध्यमवर्गाच्या दारात मोटार उभी राहत नसे. एरवी त्यांनी या म्हणीला तिसरे कलम खचित जोडले असते. बंगळूरच्या पूर्वेस महादेवपुरा नावाचा विस्तीर्ण भाग आहे. संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने महाराष्ट्रातून आलेली पुष्कळ कुटुंबे येथे राहतात. आमचे त्यांपैकीच एक. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक लहान एस. यू. व्ही. घेतली. त्या खरेदीतून जे कळले ते, वाचकहो, आपल्यापुढे ठेवावेसे वाटते. कारण प्रांत कोणताही असो, संसारी माणसाची ही विवंचना सारखीच असते.

प्रथम ही मोटार म्हणजे काय ते पाहू. ती उभी राहते रुबाबात, पण तिची लांबी चार मीटरांच्या आत असते. हे चार मीटर कराच्या कायद्याने ठरविलेले आहेत. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले, आणि लहान मोटार कोणती हेही ठरले : लांबी ४,००० मिलिमीटरांपर्यंत, इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० व डिझेलचे असल्यास १,५०० घन सेंटिमीटरांपर्यंत. या चौकटीत उंच मोटार बसविण्याची मग चढाओढ लागली. फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ मध्ये आली, मारुतीची ब्रेझा २०१६ मध्ये, व टाटांची नेक्सॉन २०१७ मध्ये. नेक्सॉन तर आपल्या पुणे जिल्ह्यातील रांजणगावी तयार होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचा दर अशा मोटारींना १८ टक्के झाला; त्याहून मोठ्या मोटारींना ४० टक्के लागू झाला. ही सवलत आमच्या खरेदीनंतर आली, याची आठवण आमचे हे अधूनमधून करून देतात.

आता खरा प्रश्न : आपणांस हिची गरज आहे काय? महादेवपुऱ्यात राहणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला दोनदा विचारावा. येथील बाह्य वर्तुळमार्गावर सायंकाळी मोठी मोटार आणि लहान मोटार सारख्याच मुकाट्याने उभ्या असतात. शिवाय २०२३ च्या मार्चमध्ये कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड मेट्रो सुरू झाली व ऑक्टोबरमध्ये ती बैयप्पनहळ्ळीशी, म्हणजे उर्वरित शहराशी, जोडली गेली. हे मेट्रोने कचेरीस जातात; मी बहुधा घरूनच काम करते. आठवड्याचे पाच दिवस मोटार तळघरात विश्रांती घेते.

मग ती घेतली कोणासाठी? माझ्या सासूबाईंसाठी. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि दोन्ही गुडघे कुरकुरतात. आमच्या जुन्या, बुटक्या मोटारीत बसताना त्यांना जवळजवळ खाली कोसळावे लागे, आणि उतरताना कोणीतरी दोन्ही हात धरून ओढून काढावे लागे. जन्मभर सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात ताठ मानेने वावरलेल्या बाईला, चारचौघांसमोर असे ओढून काढले जाणे मानवेना. देवदर्शन असो की लग्नकार्य, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते" हे त्यांचे उत्तर ठरून गेले होते. गुडघ्यांवर औषध होते. या उत्तरावर नव्हते.

म्हणून विक्रीच्या दालनात आम्ही त्यांनाच घेऊन गेलो. विक्रेता तरुण छतातील काच व समोरचा पडदा मोठ्या उत्साहाने दाखवीत होता. सासूबाई मात्र प्रत्येक मोटारीत तीन वेळा बसल्या आणि तीन वेळा उतरल्या. एक अधिक उंच होती. तिच्यात पाय उचलून चढावे लागे. एका मोटारीचे आसन नेमके त्यांच्या कमरेच्या पातळीस आले. आधी बसायचे, मग पाय आत घ्यायचे, एवढेच काम. त्या म्हणाल्या, "अगं, हिच्यात बसायला कुणाला हाक मारावी लागत नाही." आमची निवड तेथेच झाली. वाचकहो, घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला मोटारीत बसवून पाहिल्यावाचून बयाणा देऊ नका.

यापुढे हिशेब. जाहिरातीतील किंमत ही केवळ प्रस्तावना होय. आम्ही घेतली तेव्हा कर्नाटकात आजीव कर १० लाखांपर्यंतच्या मोटारीस १४ टक्के व त्यापुढे १७ टक्के होता, शिवाय त्यावर उपकर. म्हणजे १० लाखांची सीमा थोडी जरी ओलांडली, तरी कराचा बोजा तीस हजारांहून अधिक वाढे. पेट्रोलच्या मोटारीस महाराष्ट्रात हा कर कमी. म्हणून तिकडे नोंदणी करण्याचा मोह इकडच्या मराठी माणसास होतो. परंतु दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक मोटार ठेवल्यास तेथे नवी नोंदणी करावी, असे मोटार वाहन कायदा सांगतो. जेथे राहतो तेथला कर भरावा, हेच बरे.

कर्जाचेही तसेच. आठ लाख रुपये ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १६,६०० रुपये, व एकूण व्याज दोन लाखांच्या आत. मुदत सात वर्षांची केल्यास हप्ता १२,९०० च्या आसपास उतरतो, पण व्याज पावणेतीन लाखांच्या वर जाते. आम्ही पाच वर्षे पत्करली आणि दोन दिवाळ्या साधेपणाने केल्या.

उंच मोटारीविषयी एक भ्रम मात्र बाळगू नये. २०२२ च्या सप्टेंबरात या भागात पुराचे पाणी शिरले, तेव्हा नोकरदार मंडळी ट्रॅक्टरमधून कचेरीस गेली. मोटारीचे पोट जमिनीपासून वीस सेंटिमीटर उंच असले, तरी ती नाव नव्हे. हवेच्या मार्गाने पाणी इंजिनात शिरले की आतले दांडे वाकतात. आणि पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करू पाहणे म्हणजे ते हाताने मोडणे होय. साध्या विम्यात ही हानी बहुधा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिनाचे जादा संरक्षण मागून घ्यावे लागते.

तसेच मागच्या आसनावरील पट्टा. सासूबाईंना तो आरंभी काचे. परंतु सातारा येथून सातशे किलोमीटरांहून अधिक दूर. त्या वेगात पट्ट्यावाचून बसणे म्हणजे नशिबावर विसंबणे. नातीने तो बांधून देण्याचे काम स्वतःकडे घेतले, आणि कुरकुर थांबली.

गेल्या उन्हाळ्यात तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव करीत आम्ही गावी गेलो. वाटेत पाच वेळा थांबलो. पाचही वेळा सासूबाई स्वतः दार उघडून उतरल्या. हप्ते अद्याप तीन वर्षे फेडावयाचे आहेत. परंतु आता रविवारी मी किल्ली शोधीत असते, तोवर सासूबाई पिशवी घेऊन खाली मोटारीपाशी जाऊन उभ्या असतात.